भिंतीवरची आई

१

ही १९७७ सालची गोष्ट. त्या वर्षी मार्चमध्ये भूकंप झाला. तिकडे रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, इमारती कोसळल्या. ट्रान्सिल्व्हेनियातल्या आमच्या हॉलरबाख या जर्मन गावात माणूस दगावलं नाही की चर्चभोवतीच्या गढीच्या तटाचा दगड हलला नाही. चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला जी भिंत आहे, तिचा चुना मात्र पोपडे धरून खाली आला आणि तिथे एक डोळा उघडा पडला. तपकिरी, वरच्या पापणीला बारीक काळी रेघ असलेला माणसाचा डोळा.

आमचे पूर्वज लूथरच्या बाजूला गेले तेव्हा त्यांनीच ही चित्रं चुन्याखाली घातली होती. त्यानंतर चारशे वर्षं गावाने त्या भिंतीसमोर लग्नं लावली, पोरांचे बाप्तिस्मे केले, प्रेतं ठेवली. चुन्यामागून कोणी बघतंय याची कुणाला गंधवार्ता नव्हती.

उन्हाळ्यात क्लुजहून सेवेर पुंतेआ आला. जुनी चित्रं दुरुस्त करणारा हा रुमानियन माणूस अबोल आणि काटक अंगाचा होता. सिगारेट ओढायची झाली तर गढीच्या बाहेर जाऊन ओढायचा. त्याने परांची बांधली आणि बारीक सुरीने चुना उचलत उचलत शरद ऋतूपर्यंत अख्खं चित्र मोकळं केलं. बायबलमधला हेरोद राजा सिंहासनावर बसलाय, त्याचे शिपाई बेथलेहेमच्या घराघरांतून तान्ही मुलं मारायला काढतायत. सगळ्यांत पुढे एक आई. तिने बाळ छातीशी धरलंय आणि शिपाई ते तिच्या हातातून ओढून घेतोय. तो डोळा तिचा होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. गावच्या शाळेत शिकवायचे, रविवारी ऑर्गन वाजवायचे आणि पाद्रीबाबांच्या घरी एका खोलीत राहायचे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, थंडीने आखडलेली बोटं जरा सैल करावीत म्हणून मी उपासनेच्या बरीच आधी चर्चमध्ये गेले. सज्ज्याचा जिना चढता चढता सवयीने त्या भिंतीकडे बघितलं.

हेरोद होता. शिपाई होता, शिपायाचे पुढे केलेले दोन्ही हात होते. पण त्या हातांपुढे काहीच नव्हतं. आईचं डोकं आणि तिचं बाळ कुणीतरी चुन्याने पुसून टाकलं होतं.

२

उपासना कशीबशी पार पडली. लोक उठले ते घरी न जाता गढीच्या आवारात घोळक्याने उभे राहिले. एरवी ही वेळ चरबीच्या बुरुजाची. घरटी एक बाई सुरी घेऊन वर जायची, आपल्या घराची खूण असलेल्या खारवलेल्या डुकराच्या चरबीतून आठवड्यापुरती कापून आणायची. त्या दिवशी कुणी सुरीला हात लावला नाही.

गावचे मुख्य पंच थॉमस वेलमान पायरीवर चढले. उंच, ताठ माणूस. मिशांनाही इस्त्री केल्यासारखी.

"मिश, काल संध्याकाळी चर्चला कुलूप कुणी लावलं?"

"मीच. दुसरं कोण लावणार?" मिश डेप्नर म्हणाला. तो गढीचा राखणदार. वेशीच्या बुरुजातल्या दोन खोल्यांत तो जन्मला, तिथेच त्याने लग्न केलं, आणि तिथेच त्याची बायको त्रेनी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती.

"आणि तेव्हा चित्र धड होतं?"

"होतं की. कंदील घेऊन आत फेरी मारली मी. बाई जागेवर, बाळ जागेवर. मी तिला म्हटलंसुद्धा, झोप गं बये आता."

दोघं-चौघं हसले. थॉमस हसले नाहीत.

"सकाळी कुलूप कुणी काढलं?"

"मी."

"मध्ये किल्ल्या कुठे होत्या?"

"उशीखाली, नेहमीसारख्या." आणि मग मिशच्या लक्षात आलं की तो काय बोलून बसलाय. त्याने टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. "पंच, अहो, मी कशाला असलं करीन?"

"ते तू सांग. चित्र सापडलं तेव्हापासून परके लोक गढीत येतात म्हणून कुरकुर कुणी केली? दार उघडून उघडून हात दुखले म्हणून कोण ओरडत होतं?"

"कुरकुर तर मी सगळ्याचीच करतो! हवेची करतो, तुमची करतो!"

सेवेर तोवर आतल्या परांचीवरून उतरून बाहेर आला होता. चेहरा पांढराफटक. तो आमच्या भाषेत अडखळत बोलायचा. म्हणाला, "पुढच्या सोमवारी बुखारेस्टहून समिती येते आहे. हे सरकारी संपत्तीचं नुकसान आहे. कुणी केलं ते कळलं नाही, तर मला पोलिसांना, मिलिशियाला, सांगावं लागेल. मग ते त्यांच्या पद्धतीने विचारतील."

त्यांची पद्धत काय असते ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"तशी वेळ येणार नाही," थॉमस म्हणाले. "शनिवारी दिलजमाईची बैठक आहे. मिश, तोवर खरं सांगितलंस तर ठीक. नाहीतर किल्ल्या ठेवायच्या आणि बुरूज रिकामा करायचा."

"त्रेनीला कुठे नेऊ?" मिशने विचारलं.

तेवढ्यात माझ्या मागून पाद्रीबाबांच्या बायकोचा आवाज आला, "मिश, जेवण झालं की माझ्याकडे ये. कोबी चिरायचाय."

३

पाद्रीबाबांच्या बायकोला अख्खं गाव पाद्रीणआई म्हणायचं. नाव मालविने, ठेंगणी, गोल, आणि वर्षाचे बारा महिने काहीतरी मुरवण्यात गुंतलेली. तिचं एक म्हणणं होतं: हात रिकामे असले की माणूस विचार करून बोलतो, हात कामात असले की खरं बोलतो. त्या आठवड्यात तिने गावाकडून पिंपभर कोबी चिरून घेतला. मी मीठ टाकायला होते.

मिश सुरी धरून बसला, पण कापेना.

"तू बघितलंस म्हणतोस ते अगदी स्वच्छ बघितलंस?"

"स्वच्छ म्हणजे... कंदिलाच्या उजेडात जेवढं स्वच्छ. जरा धुक्यातून बघितल्यासारखं. भिंतीला ओल होती, चकाकत होती. नोव्हेंबरात त्या भिंती रडतातच, पाद्रीणआई."

"म्हणजे शपथेवर तिचं तोंड होतं?"

"होतं. नव्हतं म्हटलं असतं तर सुटलो असतो ना?" तो कसनुसा हसला. "त्रेनी तेच म्हणाली. म्हणाली, एवढा मोठा झालास, वेळेवर खोटं बोलायला शिकला नाहीस."

त्याच्यानंतर थॉमस आले. कोबी चिरायचा म्हटल्यावर त्यांनी आधी कोट काढून घडी घातली.

"लोक म्हणतात तुम्हालाही ती चित्रं आवडत नाहीत," पाद्रीणआई म्हणाली.

"आवडत नाहीतच. देवाच्या घरात राजे आणि खाटीक कशाला? मी पाद्रीबाबांच्या तोंडावर सांगितलंय. पण मी करायचं ठरवलं असतं ना, तर अख्खी भिंत पांढरी केली असती. दिवसाढवळ्या. चुन्याचे दोन हात."

"ते खरं," पाद्रीणआई म्हणाली. "तुम्ही अर्धवट काही करत नाही. बघा, कोबीसुद्धा मुळापर्यंत कापलात, तो कडू लागतो."

सेवेरला विळी धरता येत नव्हती, म्हणून त्याला बडीशेप निवडायला दिली. त्याने सांगितलं की चुना त्याचाच होता. भूकंपाच्या भेगा भरायला कालवलेला, परांचीखाली बादलीत झाकून ठेवलेला. अगदी पातळ करून लावलाय. "पण ब्रश माझा नाही, बाईसाहेब. माझ्या ब्रशाची रेघ जाड येते. ही रेघ बारीक आहे, केसासारखी, आणि सगळी एका बाजूला वळलेली. जणू पिसाने लावलंय." मग बडीशेप बाजूला सारून म्हणाला, "आणि एक सांगू? ज्याने केलं त्याने कडा सांभाळल्यात. शिपायाच्या बोटांवर थेंब नाही. राग आलेला माणूस असं करत नाही."

शेवटी कात्रीन आली, थॉमसची बायको. तिला काम द्यावं लागलं नाही आणि बोलतं करावंही लागलं नाही.

"शनिवारी चर्चची झाडलोट आमच्या खालच्या आळीकडे होती. आता आळीत माणसं किती उरलीत! निम्मी जर्मनीला गेली. तीन बायकांची पाळी, त्यात एक आलीच नाही. मी आणि अग्नेथा रोथ, दोघींनीच सगळं केलं. आणि अग्नेथाबरोबर काम करायचं म्हणजे खांबाबरोबर काम करायचं. मी म्हटलं, बाकं कोण पुसणार? ती म्हणते, तू. मी म्हटलं, वेदीकडचं कोण करणार? ती म्हणते, मी. झाला संवाद. मी बाहेर सतरंज्या झटकल्या, पंपावरून पाणी आणलं. परत आले तर बाईसाहेबांचं सगळं उरकलेलं. वर वेदी झटकायचा हंसाचा पंख खुंटीवर नाही. विचारलं तर म्हणे, धुवायला घरी नेते."

पाद्रीणआईची सुरी क्षणभर थांबली.

"तिसरी कोण यायची होती?"

"सारा गॉट्शलिंग. पण तिला निरोपच गेला नव्हता म्हणे. आळीत घरोघर फिरणारी निरोपाची पाटी माझ्याकडे थेट अग्नेथाकडून आली. घरांच्या ओळीने ती अग्नेथाकडून साराकडे जायला हवी, साराकडून माझ्याकडे. अग्नेथाने मधलं घर वगळलं. आजवर आळीत असं कुणी केलेलं नाही! पण त्या दोघींचं तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. सारा आणि अग्नेथा एकमेकींशी बोलत नसत. दोघींनाही पंचेचाळीसच्या जानेवारीत रशियनांनी जर्मन म्हणून एकाच ट्रकमधून कोळशाच्या खाणींवर नेलं होतं, दोघी एकोणपन्नासमध्ये एकाच गाडीने परत आल्या, आणि स्टेशनवरून गावात दोन वेगळ्या रस्त्यांनी चालत आल्या. का, ते कुणाला कळलं नाही. दरवर्षी दिलजमाईच्या बैठकीत दोघी नियमाप्रमाणे हात मिळवायच्या आणि पुढचं वर्षभर पुन्हा गप्प.

कात्रीन गेल्यावर मी म्हटलं, "पण चित्र तर शनिवारी रात्री धड होतं! झाडलोट दुपारीच संपली. मग अग्नेथाकाकू कशी?"

"तेच तर," पाद्रीणआई म्हणाली. "चल, मला चर्चमध्ये बसून बघायचंय."

४

आमच्याकडे चर्चमध्ये कुणी हवं तिथे बसत नाही. पुरुष सज्ज्यांत आणि वेदीजवळच्या उंच आसनांवर. बायका मध्ये, पाठ नसलेल्या बाकांवर, वयाच्या ओळीने. म्हाताऱ्या पुढे, सुना मागे. पुढची कुणी गेली की मागची एक जागा पुढे सरकते. माझी आजी म्हणायची, आम्ही बाकावरूनच स्वर्गात सरकत सरकत जातो.

पाद्रीणआई एकेका जागेवर बसली आणि प्रत्येक वेळी डावीकडे मान वळवून बघत राहिली. पहिल्या बाकावरून वेदीची उंच चौकट मध्ये यायची. मागच्या बाकांवर दोन्ही बाजूंना जाड खांब. खांबांमधल्या जागांवरून हेरोद दिसायचा, शिपायाची पाठ दिसायची. पण त्याच्या पुढ्यातली आई कुठूनच दिसेना.

दुसऱ्या बाकाच्या टोकाला ती बसली आणि उठेचना.

"ये इकडे, रेगीना. बस माझ्या मांडीवर बसल्यासारखी. काय दिसतं?"

खांब आणि चौकट यांच्या मधून एक उभी फट राहत होती. त्या फटीत बरोबर तो पांढरा डाग होता. इतका समोर की उपासनेचा सगळा वेळ दुसरीकडे बघायचं म्हटलं तर मान अवघडावी.

"ही जागा युलियानाआजीची," मी म्हटलं.

"तिला गेल्या आठवड्यात गुरुवारी पुरलं आपण. मग रविवारी इथे कोण बसलं?"

मी सज्ज्यावरून दर रविवारी त्या काळ्या ओढण्यांची रांग बघायचे. मला आठवावं लागलं नाही.

"सारा गॉट्शलिंग. इतकी वर्षं ती खांबामागे बसायची."

"म्हणजे रविवारी ती पहिल्यांदा इथे बसणार होती. आणि शनिवारी हे चित्र झाकलं गेलं. हेरोद नाही, शिपाई नाही. नेमकं या फटीतून दिसेल तेवढंच." पाद्रीणआईने ओढणी सारखी केली. "हे चित्रावरच्या रागाने केलेलं नाही. एका माणसाला ते दिसू नये म्हणून केलंय."

"पण मिशकाकाने रात्री—"

"मिश खोटं बोलत नाही. कात्रीनही बोलत नाही, तिला तेवढा वेळच मिळत नाही. दोघांचंही खरं असेल असं काय घडलं असेल?" ती उठली, भिंतीपाशी गेली, आणि हाताचा तळवा त्या डागावर ठेवला. भिंत बर्फासारखी गार होती. "आपण सफेदी कधी करतो गं?"

"वसंतात. ऊन तापल्यावर."

"आणि किती वेळात पांढरी होते?"

"लगेच. वाळली की," मी म्हटलं आणि माझाही हात त्या गार भिंतीवर ठेवला.

५

गुरुवारी संध्याकाळी पाद्रीणआईने थॉमस आणि सेवेर दोघांना बोलावून तळघरात नेलं. टेबलावर आमच्या चुलीची एक मोडकी फरशी होती, निळ्या फुलांची. शेजारी वाटीत सेवेरच्या बादलीतला चुना, पाण्यासारखा पातळ केलेला. तिने हंसाच्या पंखाने अख्ख्या फरशीवर चुना फिरवला.

"आता मिशसारखा कंदील धरा. काय दिसतं, पंच?"

थॉमसनी वाकून बघितलं. "फुलं दिसतात. जरा धूसर, पण दिसतात."

"बरं. आता या दाराला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्या उशीखाली ठेवा. सकाळी या."

सकाळी थॉमसनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. फरशी पांढरी होती. एकसुद्धा फूल नव्हतं.

सेवेरने कपाळावर हात मारून घेतला. "ओला चुना काचेसारखा असतो. वाळला की पांढरा. आणि मी हे धंद्यातच शिकलेला माणूस!"

"तुम्ही उन्हाळ्यात काम करता, आम्ही वसंतात करतो," पाद्रीणआई म्हणाली. "ब्रश खाली ठेवेपर्यंत भिंत पांढरी झालेली असते. नोव्हेंबरात, त्या गारठ्यात, सफेदी कोण करतं? म्हणून कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चुना शनिवारी दुपारी लागला. मिशने रात्री बघितलं ते ओल्या चुन्यातून बघितलं. भिंत चकाकत होती, धुक्यातून बघितल्यासारखं वाटलं, असं तो आपणहून सांगत होता."

थॉमसनी फरशी उचलून उजेडात धरली. मला वाटलं आता ते मिशकडे जातील. पण ते म्हणाले, "म्हणजे मिशच्या हातून झालं नसेल, एवढंच ठरलं. मग दुपारी तिथे कोण होतं? माझी बायको आणि अग्नेथा. उद्या बैठकीत दोघींना उभं करतो. जिने केलं तिने बोलावं. कुणी कबूल होईपर्यंत किल्ल्या माझ्याकडे. समितीला मी फरशी दाखवू की माणूस?"

"अहो, स्वतःच्या बायकोलाही उभं करणार?"

"तिला आधी," थॉमस म्हणाले आणि कोटाची बटणं लावत निघून गेले.

६

अग्नेथाचं घर आळीच्या टोकाला, ओढ्याकडे. आम्ही त्याच दिवशी गेलो तेव्हा ती अक्रोड फोडत होती. पाद्रीणआईने न विचारता हातोडी घेतली आणि शेजारी बसून फोडू लागली. मला वाटलं, मी निघून जावं. अग्नेथाकाकू म्हणाली, "बस तू. दार लाव, ऊब जाते."

टरफलांचा ढीग वाढू लागला.

"मिशला घर सोडायला लागणार नाही," शेवटी अग्नेथा म्हणाली. "मी उद्या सांगणार आहे. मला वाटलं होतं पाऊस लागला, ओल आली, असं काहीतरी म्हणून सोडून देतील. मिशवर येईल असं डोक्यातच आलं नाही. मी काही फार हुशार बाई नाही, पाद्रीणआई."

"का केलंस ते सांगशील का?"

"ते माझं एकटीचं नाही."

"मग नको सांगूस."

नको म्हटल्यावरच ती बोलू लागली.

"आम्ही खाणीवर होतो. साराचा नवरा त्याआधीच आघाडीवर मेलेला. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात तिला मूल झालं. बराकीत, माझ्या हातावर. बाप कोण ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. कामावरून येऊन आम्ही आळीपाळीने त्याला पोटाशी धरून ऊब द्यायचो. वसंत लागता लागता गेलं. ती त्याला सोडेना. एक रात्र, एक दिवस, तशीच बसून. पहारेकरी म्हणाला, मी ओढून घेतो. मी म्हटलं, तू नको, मी घेते." तिने एक अक्रोड उचलून मुठीत धरला. "एकेक बोट सोडवावं लागलं. तिने माझ्याकडे बघितलं ना, तेच तोंड आहे त्या भिंतीवर. तो डोळा. ज्याने काढलं त्याला कुठून माहीत?"

पाद्रीणआईने हातोडी खाली ठेवली.

"परत येताना गाडीत तिने खिडकीकडे तोंड केलं ते केलंच. तिला माझे हात बघवत नसणार. म्हणून मी रस्ता बदलला. खांबामागे बसायची तोवर ठीक होतं. पण युलियाना गेली आणि मी हिशोब केला, आता सारा त्या टोकाला येणार. दर रविवारी, समोर ते. आणि तो शिपाई." ती माझ्याकडे वळली. "पोरी, तो शिपाई मी आहे."

७

दिलजमाईची बैठक शाळेच्या मोठ्या खोलीत भरायची. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये भाकरी-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाला बसायचं तर त्याआधी आळीतल्या आळीत जे काही तुटलं असेल ते सांधावं लागे. तो आमच्याकडचा नियम. देवाशी बोलण्याआधी शेजाऱ्याशी बोला.

थॉमसनी खरोखरच आधी कात्रीनला उभं केलं. ती म्हणाली, "मी सतरंज्या झटकत होते. आणि घरी गेल्यावर तुमच्या पायजम्याची नाडी कोण ओवतं ते बघते." खोलीत हसू फुटलं. त्या हशातच अग्नेथा उभी राहिली.

"चुना मी लावला. मिशचा काही संबंध नाही. मी त्याची माफी मागते."

"का लावलास?" थॉमसनी विचारलं.

"ते सांगणार नाही."

"अग्नेथा, कारण सांगितल्याशिवाय दिलजमाई होत नाही. उद्या तुला भोजनाला बसता येणार नाही. आणि सोमवारी समितीला—"

"नाव सांगा माझं. मिलिशियालाही सांगा. त्यांच्यापेक्षा वाईट लोकांनी विचारलंय मला."

पाद्रीबाबा खुर्चीतून अर्धवट उठले. पाद्रीणआईने त्यांची बाही धरली. ती अग्नेथाकडे बघतच नव्हती. तिसऱ्या रांगेत बसलेल्या साराकडे बघत होती.

सारा उठली. बारीक, पांढऱ्या केसांची. मी तिचा आवाज गाण्याव्यतिरिक्त क्वचितच ऐकला होता.

"थॉमस, खाली बस," ती म्हणाली. "अग्नेथा, तू माझ्यासाठी लावलास ना?"

अग्नेथाने मान हलवली नाही, पण खालीही घातली नाही.

"मी ते चित्र ऑक्टोबरातच बघितलंय. सेवेर दुपारी जेवायला जायचा तेव्हा मिश मला आत सोडायचा. रोज. मिश बिचारा कुणाला बोलला नाही, मी बोलू नको म्हटलं होतं म्हणून." तिने समोरच्या बाकाची कड धरली. "मला तीस वर्षं माझ्या मुलाचं तोंड आठवत नव्हतं. नाक आठवायचं, कान आठवायचे, तोंड जुळायचं नाही. त्या भिंतीवर बघितलं आणि जुळलं. युलियाना गेली तेव्हा मी रडले, पण मनात म्हटलं, आता मला ती जागा मिळेल. रविवारी आले, बसले, मान वळवली, तर पांढरी भिंत."

सगळ्यांना साराच्या नवऱ्याच्या मृत्यूचं साल माहीत होतं. तीस वर्षं म्हणजे काय हे मोजायला कुणाला वेळ लागला नसणार.

"मला वाटलं, तुला माझे हात बघवत नाहीत," अग्नेथा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मागचे पुढे सरकले.

"तुझे हात? अगं, तू बोटं सोडवली नसतीस तर मी तिथेच गोठले असते. गाडीत मी खिडकीकडे बघत होते, कारण तुझ्याकडे बघितलं की रडू फुटायचं, आणि गाडीभर बायका होत्या. मग स्टेशनवर उतरले तर तू दुसऱ्या रस्त्याने निघालीस. मी समजले, तुला माझी शरम वाटते. तू येशील म्हणून वाट बघत राहिले. दर वर्षी हात मिळवायचीस, माझ्या तोंडाकडे न बघता."

"मी गाढव आहे," अग्नेथा म्हणाली.

"दोघी," सारा म्हणाली.

थॉमस अजून उभेच होते. मला आठवतं, त्यांचा हात मिशीकडे गेला आणि तसाच थांबला. आयुष्यभर या माणसाने नियमाबाहेर बोट ठेवलं नव्हतं. मला वाटलं, आता ते बाप कोण ते विचारणार. पण त्यांनी विचारलं, "बाळाचं नाव काय होतं?"

"सिमोन," सारा म्हणाली. परत आल्यापासून तिने ते नाव पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं.

"सिमोन," थॉमस म्हणाले. मग त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, बाकांच्या मधून चालत मिशपाशी गेले आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "मिश, माझी चूक झाली. मी माफी मागतो."

"बघा हं, पंच," मिश म्हणाला, "मी त्याचीही कुरकुर करणार आहे."

समितीच्या माणसांना सेवेरने सांगितलं, की भेगा भरताना चुना ओघळला, चूक माझीच. त्याला लेखी खरडपट्टी मिळाली. पुढचे दोन आठवडे त्याने पाणी, पावाचा मऊ भाग आणि सुरी घेऊन ती दोन तोंडं पुन्हा मोकळी केली. आई पूर्ण निघाली. बाळाच्या गालावर चुन्याचा एक पातळ पदर राहिला. तो खरवडला तर रंग येईल म्हणून सेवेरने तो तसाच ठेवला. सारा म्हणाली, असू दे, थंडी होती.

पुढे काय झालं ते सांगते. त्रेनी तीन वर्षांनी वेशीच्या बुरुजातच, आपल्या अंथरुणात गेली. मिश शेवटपर्यंत राखणदार राहिला. भिंत बघायला आलेल्या फ्रेंच पाहुण्यांना तो आमच्या बोलीत सगळं समजावून सांगायचा आणि त्यांना कळत नाही म्हणून चिडायचा. थॉमस आणि कात्रीन ऐंशीच्या दशकात मुलाकडे जर्मनीला गेले. थॉमसना तिथल्या चर्चमध्ये लोक वाटेल तिथे बसतात हे कधीच रुचलं नाही. पाद्रीबाबा निवृत्त झाल्यावर जवळच्या सिबिउ शहरात गेले. पाद्रीणआई तिथे चौथ्या मजल्यावरच्या घरात, बाल्कनीत पिंप ठेवून, कोबी मुरवायची आणि खालच्या बिऱ्हाडांना बोलतं करायची. सेवेर वीस वर्षं भिंती दुरुस्त करत राहिला, आणि नाताळला दोन्ही म्हाताऱ्यांना एकच कार्ड पाठवायचा. सरकार पडलं, सीमा उघडल्या आणि नव्वद साली गाव रिकामं झालं. मीही जर्मनीला गेले. हाइलब्रॉनमध्ये शिकवलं, लग्न केलं, नवरा पुरला. आता ऑर्गनला बोटं चालत नाहीत.

सारा आणि अग्नेथा मात्र गेल्या नाहीत. बैठकीनंतरच्या वसंतात साराने आपलं घर बंद केलं आणि ओढ्याकाठी अग्नेथाकडे राहायला गेली. ब्याण्णवमध्ये सारा गेली तेव्हा खांदा द्यायला आमची माणसं पुरली नाहीत. शेजारच्या रुमानियन आणि जिप्सी घरांतले तरुण आले, आणि अग्नेथाने त्यांना वाटेत आमचं गाणं शिकवलं. तिच्यानंतर अग्नेथा पाच वर्षं जगली. जिला आम्ही खांब म्हणायचो, ती या काळात दिसेल त्याच्याशी बोलायची. गेल्या खेपेला गेले तेव्हा बसचा जुना ड्रायव्हर तिची आठवण काढून हसत होता. म्हणाला, ती म्हातारी माझ्या मागच्या सीटवर बसायची आणि सिबिउ येईपर्यंत एकदाही थांबायची नाही. नंतर नंतर मी मुद्दामच गाडी हळू चालवायचो.